दोघांपुरतं शीड

1968 साली दोन जोडप्यांच्या दोन नौका पाण्यात उतरल्या. कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा इथं लिन आणि लॅरी पार्डी यांची ‘सेराफिन’: जेमतेम 24 फूट, लाकडी, दोघांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली आणि इंजिनच नसलेली. तिकडे हॉलंडमध्ये एरिक आणि सुझन हिस्कॉक यांची ‘वाँडरर 4’: 49 फुटी, पोलादी, दोन डोलकाठ्यांची. पार्डी विशीतले, एरिक साठीला टेकलेले. तरुणांना लहान नौका, वयस्कांना ऐसपैस, यात कुणालाच काही वावगं वाटलं नसतं. पुढं झालं ते मात्र हिशेबाबाहेरचं. पार्डींनी अकरा वर्षं ‘सेराफिन’वर काढली आणि 1983मध्ये दुसरी नौका उतरवली, ती जेमतेम साडेएकोणतीस फुटांची, तीही बिनइंजिनाची. हिस्कॉक मात्र मोठ्या नौकेला कंटाळून 39 फुटांवर आले.

हिस्कॉकांची गोष्ट जरा सावकाश बघण्यासारखी आहे. 1952 साली बांधलेली त्यांची ‘वाँडरर 3’ फक्त 30 फुटी होती. लॉरेंट जाइल्स यांचा तो आराखडा. तिच्यातून या दोघांनी 1952 ते 55 आणि 1959 ते 62 अशा दोन पृथ्वीप्रदक्षिणा केल्या. एरिक यांची नजर अधू, त्यामुळे सुझन नुसती सोबतीण नव्हती, नौकेवरचा निम्मा भार तिच्या खांद्यावर होता. या सगळ्या काळात इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइटवर त्यांचं घर होतं. नौका कितीही लहान असली तरी जास्तीची पुस्तकं, कपडे, कागदपत्रं ठेवायला किनाऱ्यावर चार भिंती होत्या. पुढं कायम नौकेवरच राहायचं ठरलं, तेव्हा घरातलं सामान नौकेत मावायला हवं, असं ओघानंच आलं. 49 फुटांचं मूळ या ठरावात आहे.

लांबी दीडपटीहून थोडी जास्त झाली. पण नौकेचं वजन लांबीच्या नव्हे, साधारण तिच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. 30 फुटांवरून त्याच घडणीच्या 49 फुटांवर गेलं की ते चौपटीच्या वर जातं. नांगर तसाच जड, शीड तसंच अंगावर येणारं, धक्क्याला लागताना आवरायचा रेटाही तसाच. आणि आवरणारी माणसं तीच दोन, वयानं वाढलेली.

खरं म्हणजे दोनही नव्हेत. लांबच्या सफरीत जोडप्यातलं एक झोपलेलं असतं तेव्हा दुसरं पहाऱ्यावर असतं. म्हणजे नौका बहुतेक वेळ एकट्यानंच हाकायची. मध्यरात्री वारा वाढला तर दोघांपैकी ज्याच्यात ताकद कमी, त्याला शीड आखडता येईल का? गेल्या सत्तर वर्षांतल्या साऱ्या निवडी या प्रश्नाशी येऊन अडतात. बिछाना किती रुंद आणि स्वयंपाकाचा ओटा कुठं, हे नंतर.

माइल्स आणि बेरिल स्मीटन यांना तो प्रश्न फार कठोरपणे विचारला गेला. त्यांची ‘त्झू हांग’ 46 फुटी, हाँगकाँगमध्ये बांधलेली. विकत घेतली तेव्हा दोघांनाही समुद्राचा अनुभव जवळपास नव्हता. फेब्रुवारी 1957मध्ये केप हॉर्नच्या वाटेवर एका लाटेनं ती नाळेवरून उलथवली. डोलकाठ्या गेल्या, बेरिल समुद्रात फेकली गेली आणि जखमी अवस्थेत परत चढली. नशिबानं जॉन गझवेल हा तिसरा गडी सोबत होता, आणि तो कसबी सुतार. मोडक्यातून तात्पुरती डोलकाठी उभी करून त्यांनी चिली गाठलं. डिसेंबरात दोघंच पुन्हा निघाले, पुन्हा लाटेखाली गेले, पुन्हा चिलीला परतले! 1968मध्ये अखेर केप हॉर्न ओलांडलंच. अशा माणसांवरून सर्वसाधारण नियम काढू नयेत.

1970च्या दशकात अमेरिकेत ‘वेस्टसेल 32’ची चलती झाली. फायबरग्लासची, दोन्ही टोकं निमुळती, सुमारे नऊ टनांची भारदस्त नौका. नऊ-ते-पाचला विटलेल्या शेकडो जोडप्यांनी ती घेतली, काहींनी नुसता सांगाडा आणून परसात पुरी केली. ती हळू चालते म्हणून टिंगलही भरपूर झाली.

मग यंत्रं आली. गुंडाळता येणारी शिडं, विजेवर फिरणाऱ्या विंच, वाऱ्याच्या दिशेनं आपोआप सुकाणू धरणारी साधनं, पुढं जीपीएस. स्टीव्ह आणि लिंडा डॅशू यांनी 1990च्या दशकात 78 फुटी ‘बेओवुल्फ’ बांधली आणि दोघांनीच चालवली. लांब, अरुंद आणि त्यामानानं हलकी नौका वेगानं वादळाच्या वाटेतून बाजूला होते, हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड आहे. पण स्टीव्ह स्वतः नौकांचे आराखडे करणारा, हे विसरून चालत नाही. गोव्यात दिवार बेटावर बांधलेल्या 56 फुटी ‘तारिणी’वरून नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोन अधिकाऱ्यांनी ऑक्टोबर 2024 ते मे 2025मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिथंही मागं वर्षानुवर्षांचं प्रशिक्षण आणि अख्खं नौदल उभं होतं. निवृत्तीनंतर नौका घेणाऱ्या जोडप्याकडं यातलं काहीच नसतं. विंच जळाली की 50 फुटांची नौका तेवढीच जड उरते.

आता जोडप्यांचा कल दोन कण्यांच्या कॅटामरनकडं आहे. ‘ला व्हागाबोंद’च्या रायली आणि एलेना या ऑस्ट्रेलियन जोडप्यानं 2014पासून आपलं नौकेवरचं जगणं यूट्यूबवर दाखवलं. 2019मध्ये ग्रेटा थुनबर्गला त्यांनी कॅटामरनमधूनच अटलांटिक पार नेलं. कॅटामरन कलंडून चालत नाही, चहाचा कप जागेवर राहतो. पण ‘लगून 450’ जवळजवळ आठ मीटर रुंद आहे, त्यामुळे भूमध्य समुद्रातल्या पुष्कळ मरिनांत दीडपट भाडं पडतं आणि ऐन उन्हाळ्यात जागा मिळेलच असंही नाही.

वर्षातले सहाच महिने नौकेवर राहणाऱ्यांना हा खर्च जास्त बोचतो, कारण उरलेले सहा महिने ती रिकामी असते. कॅरिबियनमध्ये जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा हंगाम, तेव्हा अनेक जण नौका ग्रेनाडा किंवा त्रिनिदादला नेऊन जमिनीवर चढवतात. कोकणातल्या माणसाला हे नव्यानं सांगायला नको. पावसाळ्यात होड्या वर ओढून झापांनी शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा लोटायच्या, ही तिथली जुनीच रीत. फरक इतकाच की 9 टनांची नौका उचलायला मिळेल ती क्रेन चालते, 20 टनांच्या रुंद कॅटामरनला नाही. म्हणून अर्धवेळ राहणाऱ्यांनी आधी नौका उचलणारं यार्ड शोधावं, मग नौका.

युरोपात आणखी एक पेच आहे. बिगरयुरोपीय जोडप्याला शेंगेन देशांत 180 दिवसांतले 90 दिवसच राहता येतं, भारतीयांना तर आधी व्हिसाही लागतो. त्यांच्या परदेशी नोंदणीच्या नौकेला मात्र कर न भरता सलग 18 महिने मुक्काम करता येतो.