ग्रहणात काय चिरलंस?

बारशाचा दिवस. पाळणा सजलाय, घुगऱ्या तयार आहेत, बायका नटून-थटून आल्यात. पण बाळाचा एक हात काही दुपट्याबाहेर येत नाही. आजीच तो पुन्हा पुन्हा झाकते. मग कुणाची तरी नजर तिथं अडकते, कुजबुज सुरू होते आणि थोड्या वेळाने बाळंतिणीच्या कानाशी प्रश्न येतो, ‘‘काय गं, ग्रहण पाळलं नव्हतंस का? काही चिरलं-बिरलं होतंस?’’

मैत्रिणींनो, सातारा असो की सांगली, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकींनी ऐकलेला आहे. एखादीने विचारलेलाही असेल. बाळाचे वडील ग्रहणाच्या दिवशी काय करत होते, हे मात्र कुणी विचारत नाही. दोष आईचाच. आणि ती बिचारी रात्री-रात्री आठवत बसते, त्या दिवशी आपण विळीला हात लावला होता का?

हात घडतो कधी?

गर्भ राहिल्यापासून साधारण चौथ्या आठवड्यात बाळाच्या हाताचा इवलासा अंकुर फुटतो. आठव्या आठवड्यापर्यंत त्याला कोपर, मनगट, सुटी बोटं येतात. म्हणजे पाळी चुकली, खात्री झाली, घरात गोड बातमी सांगितली, तोवर हात घडायचं बरंचसं काम आटोपत आलेलं असतं. सातव्या महिन्यातल्या ग्रहणात चिरलेल्या वांग्याचा त्याच्याशी काय संबंध?

मग हात अपुरा का राहतो? कधी त्या कोवळ्या अंकुराचा रक्तपुरवठा खंडित होतो. कधी गर्भाभोवतीच्या पातळ पडद्याचे धागे सुटून बोटांना, हाताला आवळून बसतात. काही प्रकार आनुवंशिक असतात. पण पुष्कळदा डॉक्टरांनाही नेमकं कारण सापडत नाही. अमेरिकेतल्या नोंदी सांगतात, की साधारण दोन हजार बाळांमागे एकाचा हात किंवा पाय जन्मतः अपुरा असतो. तिथं ग्रहण पाळण्याची सर्रास प्रथा नाही.

आईच्या पोटात गेलेल्या गोष्टीमुळे हात खुंटल्याचं एक मोठं उदाहरण जगाने पाहिलं, ते म्हणजे थॅलिडोमाइड हे औषध. १९५७ मध्ये ते जर्मनीत बाजारात आलं. गरोदरपणातल्या मळमळीवर बायकांना ते सर्रास दिलं गेलं आणि अनेक देशांत हजारो मुलं अपुऱ्या हातापायांची जन्मली. १९६१ मध्ये जर्मनीत ते मागे घेण्यात आलं. त्यात दोष आयांचा नव्हता, औषधाचा होता. यातून धडा घ्यायचा तो एवढाच, की दिवस गेल्याची नुसती शंका असली तरी मेडिकलमधून मनाने गोळी आणायची नाही.

वाळवा तालुक्यातली ती गरोदर बाई

२१ जून २०२० चं सूर्यग्रहण आठवतंय? त्या दिवशी सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात (आताचं ईश्वरपूर) एका गरोदर महिलेने अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांसोबत, ग्रहण सुरू असताना सगळ्यांसमक्ष भाजी चिरली, फळं कापली, खाल्लं-प्यायलं. सातारचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये उभ्या केलेल्या समितीचंच हे काम. एकीने चिरलं म्हणून शास्त्र सिद्ध होत नाही, हे खरं. पण पोटात बाळ असताना चार लोकांसमोर सुरी हातात घ्यायला किती धीर लागला असेल, ते आपल्यालाच कळेल.

आता काय करायचं?

दोष शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे न्या. अंगठ्याच्या बाजूचं हाड कमी असेल, तर हृदय, रक्त आणि मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यायला विसरू नका. काही बाळांत हे दोष जोडीने असतात. चिकटलेली बोटं शस्त्रक्रियेने सुटी करता येतात. ती केव्हा करायची, हे तज्ज्ञ सर्जन ठरवतील. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. त्या दिवशी लेकराला घरी लपवून ठेवू नका, पथकासमोर न्या.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डही काढून घ्या. २०१६ च्या कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क आहे. हाताने लिहिणं अवघड असेल, तर परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मागता येतो.

कृत्रिम हाताचं काय? मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र आहे. मात्र एक लक्षात ठेवा. मूल वाढतं तसा तो हात बदलावा लागतो. आणि बरीच मुलं तो काढून ठेवतात, कारण त्यांना आपल्या छोट्या हातानेच झटपट काम करता येतं. त्या हाताला स्पर्श कळतो, प्लास्टिकला कळत नाही. तेव्हा चारचौघांत बरं दिसावं म्हणून बळजबरी नको.

करू द्या त्याचं त्याला

हे मूल हात गमावून बसलेलं नसतं. त्याला हात असाच माहीत असतो. हनुवटी, काख, गुडघा, पाय सगळं वापरून ते आपली युक्ती शोधतं. वेळ लागतो, आणि नेमकं तेव्हाच आपण धावत जाऊन बटण लावून देतो. थांबा जरा. ताटाखाली ओलं फडकं ठेवलं की ताट सरकत नाही. नाडीऐवजी इलॅस्टिक, लेसऐवजी चिकटपट्टीचे बूट, एवढ्यानेही पुष्कळ भागतं.

उजवा हात नसलेलं लेकरू प्रसादाला डावा हात पुढे करतं, डाव्या हाताने जेवतं. कृपा करून त्याला टोकू नका. देवाला चालतं. शाळेत ‘थोटी’ म्हणून कुणी चिडवलं, तर बाईंना आधीच भेटून ठेवा आणि लेकीला एक सरळ उत्तर शिकवा, ‘‘माझा हात जन्मापासून असाच आहे. चल, खेळू या.’’

आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक मिळवलं. त्यांचा हात जन्मतः नव्हे, तर शाळेत असताना सायकलवरून पडल्यावर चिघळलेल्या जखमेने निकामी झाला. पण त्यांच्याच स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणारा कॅनडाचा ग्रेग स्टुअर्ट डाव्या कोपराखाली हाताविनाच जन्मलेला. दोघांत अंतर फक्त सहा सेंटिमीटरचं! प्रत्येक मुलाने पदक आणायलाच हवं असं नाही. आपला डबा आपण उघडला, आपली वेणी आपण घातली, तरी घरातलं ते पदकच.

आणि पुढच्या बारशाला गेलात, की तो प्रश्न गिळून टाका. दुपटं बाजूला करा, त्या छोट्या हातावरून आपलं बोट फिरवा आणि आईला एवढंच विचारा, ‘‘नाव काय ठेवलंस गं?’’