पावसाळ्यात ‘कोल्ड एअर इनटेक’ जपा!

- प्रतिनिधी

मोटारीचा जोर वाढावा, अॅक्सिलरेटर दाबताच इंजिनाने भारदस्त आवाज द्यावा, या हौसेपोटी अनेक वाहनधारक कंपनीची हवा घेण्याची व्यवस्था काढून बाजारात मिळणारे ‘कोल्ड एअर इनटेक’ बसवितात. उन्हाळ्यात ही हौस निभावून जाते. पावसाळ्यात मात्र हीच नळी इंजिनाच्या जिवावर उठू शकते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईकरांनी पाण्यात बुडालेल्या मोटारींच्या रांगाच पाहिल्या. पण इंजिन निकामी होण्यास एवढा प्रलय लागत नाही. सखल रस्त्यावर साचलेले गुडघाभर पाणीही पुरते.

धोका कशामुळे?

थंड हवेत प्राणवायूचे प्रमाण अधिक असते. त्यामुळे या संचातील फिल्टर इंजिनाच्या उष्णतेपासून दूर, म्हणजे बंपरच्या मागे किंवा चाकावरील मडगार्डच्या पोकळीत, खाली बसविला जातो. कंपनीच्या रचनेत हवेचे तोंड बहुधा उंचावर असते आणि फिल्टर बंद डब्यात असतो. ही दोन्ही संरक्षणे येथे नाहीशी होतात.

हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही, हे यातील मूळ कारण. १२०० सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर ३०० सीसीचा असतो. दाबाचे प्रमाण १०:१ धरले, तर पिस्टन वर आल्यावर जेमतेम ३३ मिलिलिटर जागा उरते. त्याहून अधिक पाणी आत गेले, की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो वा तुटतो. यालाच ‘हायड्रोस्टॅटिक लॉक’ म्हणतात. डिझेल इंजिनात ही जागा आणखी कमी असते.

उपाय कोणते?

पावसाचे शिंतोडे आणि फिल्टर बुडणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शिंतोड्यांसाठी फिल्टरवर पाणी झटकणाऱ्या कापडाचे आवरण घालता येते. संच बसविताना काढलेले मडगार्डचे आतील प्लॅस्टिक अस्तर व बंपरखालचा पत्रा परत जागेवर बसविलाच पाहिजे. मात्र फिल्टर पूर्ण बुडाला, तर कोणतेही आवरण पाणी रोखू शकत नाही.

नळीच्या वरच्या भागात ‘बायपास व्हॉल्व्ह’ बसविणे हा दुसरा मार्ग. खालचा फिल्टर बुडून ओढ वाढली, की हा व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिन वरची हवा घेऊ लागते. पाणी व्हॉल्व्हपर्यंत चढले, तर त्याचाही उपयोग नाही. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनांना तो सहसा सुचविला जात नाही.

सर्वांत खात्रीचा उपाय साधाच आहे. जून ते सप्टेंबर हे चार महिने कंपनीचा मूळ फिल्टर डबा परत बसवावा. म्हणूनच तो भंगारात देऊ नये. काही संचांत खालची नळी काढून फिल्टर वर जोडण्याची सोय असते. थोडी गरम हवा परवडली, पण पाणी नको!

फिल्टरचे खालचे टोक जमिनीपासून किती उंच आहे, हे टेपने मोजून ठेवावे. पाण्यातून जाताना मोटारीपुढे लाट उठते, शेजारून बस गेली तर ती आणखी चढते. त्यामुळे उभ्या पाण्याची पातळी पाहून अंदाज बांधणे फसवे ठरते.

गाडी बंद पडल्यास

पाण्यात इंजिन बंद पडले, तर पुन्हा किल्ली फिरवू नये. बंद पडताना वाचलेले इंजिन अनेकदा या दुसऱ्या प्रयत्नातच मोडते. मोटार ढकलून किंवा टोचन करून बाहेर काढावी. मेकॅनिककडून फिल्टर व नळी तपासून घ्यावी, स्पार्क प्लग (डिझेलमध्ये इंजेक्टर) काढून पाणी बाहेर काढावे. ऑइल दुधाळ दिसल्यास ते बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.

विम्याचीही आधी चौकशी करावी. नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत पाणी शिरून झालेले इंजिनाचे असे नुकसान सहसा धरले जात नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जादा तरतूद घ्यावी लागते. मूळ रचनेत केलेला बदल विमा कंपनीला कळविलेला नसेल, तर दाव्याच्या वेळी वाद उद्भवू शकतो. पहिला पाऊस पडण्यापूर्वी गॅरेजमध्ये घालविलेला एक तास इंजिन उघडण्याचा मोठा खर्च वाचवू शकतो.