मुरुमे आणि डॉक्टर

मुरुमे फक्त आमच्याच वयात येतात, असे मला वाटायचे. दिवाळीच्या सुट्टीत भिलाईला, कोहक्याच्या घरी गेलो, तर अठ्ठावीस वर्षांच्या मावशीच्या हनुवटीवर मुरुमे! वर्षभर ती दुकानातून आणलेले मलम लावत होती. लावले की मुरुमे दबत, थांबवले की दुप्पट येत. त्यात स्टिरॉइड होते. ते त्वचारोगतज्ज्ञांनी ओळखले. अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकायला २०१८ पासून मनाई आहे.

पंचविशीनंतरही मुरुमे येतात, स्त्रियांना जास्त. कारण बहुधा हार्मोन्स असतात, घाण नव्हे. म्हणून चेहरा घासू नये. दिवसातून दोनदा सौम्य साबणाने धुवावा. मुरुमे फोडू नयेत. बेंझॉइल पेरॉक्साइडचे जेल दोन महिने लावूनही फरक नसेल, गाठी दुखत असतील, खड्डे पडत असतील किंवा सोबत पाळी अनियमित असेल, तर डॉक्टरांकडे जावे.

माझ्याही कपाळावर, बेरेच्या पट्टीखाली मुरुमे होती. मी ती लपवत होतो. मावशी म्हणाली, “पाय मुरगळला की एमआय रूममध्ये जातोस ना? मग यातच कसली लाज?”

शाळेत परतल्यावर दुसऱ्याच सकाळी मी सिक रिपोर्टमध्ये नाव दिले.