लंबवर्तुळाची दुसरी नाभी

दोन टाचण्या आणि दोरा घेऊन मुलांकडून लंबवर्तुळ काढून घेता ना? मग हेही सांगा. एका नाभीतून निघालेली लहर कडेवर आपटून दुसऱ्या नाभीत जाते. दोरा तेवढाच, म्हणून सगळ्या वाटा सारख्याच लांब. सगळ्या लहरी एकाच क्षणी तिथे जमतात.

अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठात कार्ल बाउम आणि सहकाऱ्यांनी याच आकाराचा परावर्तक अँटेना अभ्यासला. एका नाभीशी विद्युतचुंबकीय स्पंद, दुसरीशी त्वचेचा कर्करोग. गाठीत सुया टोचायला नकोत, हा हेतू. स्पंद 100 पिकोसेकंदांचा. तेवढ्यात प्रकाश जेमतेम 3 सेंटिमीटर जातो, म्हणजे वाटेत सेंटिमीटरभर चूकही महागात!

खरी अडचण कातडीची. पाणीदार शरीरात लहर फार सावकाश चालते, त्यामुळे तिचा बराचसा भाग कातडीवरूनच माघारी फिरतो. म्हणून मध्ये थराथरांचं भिंग ठेवायचं: बाहेरचा थर हवेच्या जवळचा, आतला शरीराच्या.