एसएमपीएसवरचे ५०० वॅट जातात कुठे?

मागच्या व्याख्यानात आपण मदरबोर्ड पाहिला. आज त्याला वीज पुरवणारा डबा. पॉवर सप्लाय म्हणा किंवा बाजारातल्या भाषेत एसएमपीएस म्हणा, वस्तू तीच.

तक्रार ओळखीची असते. ब्राउझर, सिनेमा, टायपिंग, सगळं सुरळीत चालतं. पण गेम लावला किंवा व्हिडिओ रेंडरला टाकला, की थोड्या वेळाने संगणक फटकन बंद. ना संदेश, ना निळी स्क्रीन. मग विंडोज नव्याने टाकलं जातं, रॅम बदलली जाते. एसएमपीएसवर संशय जात नाही, कारण त्यावर ‘५०० वॅट’ छापलेलं असतं आणि आपल्या सुट्या भागांची बेरीज ३८० च्या पुढे जात नाही.

आता डब्यावर चिकटवलेला तक्ता वाचू. मोठ्या अक्षरातला आकडा तूर्त बाजूला ठेवा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. तिथले अँपिअर पाहायचे आणि १२ ने गुणायचे. समजा तिथे २५ लिहिलंय. म्हणजे ३०० वॅट झाले. बाकीचे वॅट मुख्यतः ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनवर दाखवलेले असतात, आणि आजच्या संगणकाला तिथे फारसं काही लागत नाही. चांगल्या एसएमपीएसमध्ये १२ व्होल्टचा वाटा एकूण क्षमतेच्या अगदी जवळ असतो. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ आलेला डबा असेल तर हा गुणाकार आधी करा!

दुसरा घोळ ‘पीक’ या शब्दाचा. सतत देता येणारी शक्ती वेगळी आणि क्षणभर पेलता येणारी वेगळी. काही उत्पादक दुसरीच मोठ्या अक्षरात छापतात.

बरं, मागणीलाही अशी उसळी असते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०९० या कार्डाची अधिकृत गरज ३५० वॅट. पण काही मिलिसेकंद ते त्याहून बरंच जास्त ओढतं. साध्या वॅटमीटरवर हे दिसत नाही, कारण तो सरासरी दाखवतो. एसएमपीएसमधल्या संरक्षण सर्किटला मात्र ते दिसतं आणि ते पुरवठा तोडतं. आपण त्याला बिघाड म्हणतो. खरं तर त्याने आपलं काम चोख केलेलं असतं. म्हणूनच २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकाने नव्या कनेक्टरच्या, ४५० वॅटवरच्या एसएमपीएसना अट घातली: १०० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा हजारावा भाग, दुप्पट भार पेलता आला पाहिजे.

एक प्रश्न नेहमी येतो: कार्यक्षमता ८० टक्के असेल तर ५०० चे ४०० च मिळणार ना? नाही. ५०० हा बाहेर मिळणारा आकडा आहे. तेवढे देताना भिंतीतल्या सॉकेटमधून ६२५ ओढले जातील. आपल्या ३८० वॅटच्या संगणकासाठी हेच ४७५ होतात, आणि घरातल्या ६०० व्हीएच्या यूपीएसची क्षमता बहुधा ३६० वॅटच असते. लाइट गेल्यावर तो संगणक यूपीएस असूनही का बंद पडतो, ते इथे कळेल.