सातबारा, फेरफार आणि संगणकातले कप्पे

95 गावांच्या जमिनींवर ही नवी मुंबई वसली. त्यामुळे आमच्या गावठाणात ज्या घरी दुसरे पुस्तक सापडायचे नाही, तिथेही सातबाऱ्याची जुनी नक्कल ट्रंकेत जपलेली असते. साडेबारा टक्क्यांचा भूखंड असो वा वारसनोंद, गाडी कागदापाशीच अडते. आज तो कागद संगणकाच्या डेटाबेसमधून निघतो. मग डेटाबेसच बिघडला तर काय? हा प्रश्न विज्ञान शाखेवर सोपवून आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी स्वस्थ बसावे, असे मला वाटत नाही.

तलाठ्याचे दप्तर ज्याने पाहिले आहे, त्याला उत्तर कठीण जाऊ नये. गाव नमुना सात सांगतो, जमीन आज कोणाच्या नावावर आहे. गाव नमुना सहा म्हणजे फेरफाराची नोंदवही. विक्री, वारस, बोजा, जे जे घडले ते तिथे क्रमांकाने उतरते. समजा, सातबाऱ्याचे पुस्तक पुरात भिजले. पण पाच वर्षांपूर्वीची नक्कल शिल्लक आहे आणि नंतरचे सारे फेरफार हाताशी आहेत. ते एकेक करून नकलेवर चढवले, की आजचा सातबारा पुन्हा उभा राहतो.

डेटाबेसची रीतही हीच आहे. पोस्टग्रेसचे उदाहरण घेऊ. प्रत्येक बदल आधी ‘लॉग’मध्ये लिहिला जातो, मूळ फायलींत तो सवडीने उतरतो. लॉग हा संगणकाचा फेरफार होय. म्हणून जाणकार लोक डिस्कचे कप्पे, म्हणजे पार्टिशन, पाडताना ऑपरेटिंग सिस्टिम एकीकडे, डेटा दुसरीकडे आणि लॉग तिसरीकडे ठेवतात. सिस्टिम नव्याने बसवायची वेळ आली, तरी डेटाच्या कप्प्याला हात लागत नाही. डेटा फुगला तरी सिस्टिमची जागा शाबूत राहते. बॅकअपसाठी काय उचलायचे, तेही शोधावे लागत नाही. लॉगचा कप्पा मात्र भरू देऊ नये. तो भरला की पोस्टग्रेस काम थांबवते.

परंतु कप्पे कितीही पाडले, तरी कपाट एकच. डिस्क निकामी झाली की तिन्ही कप्पे एकदम जातात. म्हणून डेटा आणि लॉग निरनिराळ्या डिस्कवर हवेत. मग डेटाची डिस्क दुपारी तीनला गेली, तरी रात्रीच्या बॅकअपवर लॉग चढवून तीनपर्यंतचे काम परत मिळते. यात एक मेख आहे. पोस्टग्रेस लॉगच्या जुन्या फायली पुन्हा वापरायला घेते. त्याआधी त्या अन्यत्र नेऊन ठेवण्याची सोय आपणच करावी लागते. शिवाय चालू डेटाबेसच्या फायलींची साधी नक्कल करू नये. तलाठी लिहीत असतानाच पानाचे छायाचित्र घेतले, तर अर्धीच ओळ उमटायची! बॅकअपसाठी डेटाबेसची स्वतःची साधने असतात.

एक प्रत इमारतीबाहेरही हवी. 21 जून 2012 रोजी मंत्रालयाला आग लागली, तेव्हा एका छपराखाली ठेवलेल्या कागदांचे काय होते ते महाराष्ट्राने पाहिलेच.

आणि बॅकअप आहे, एवढ्यावर विसंबू नये. 31 जानेवारी 2017 रोजी ‘गिटलॅब’ या कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून मुख्य डेटाबेस पुसला गेला. रोजचा बॅकअप आवृत्तींच्या फरकामुळे होतच नव्हता, हे तेव्हा कळले. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत निघाली. त्या सहा तासांतल्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. सावध माणसे म्हणूनच अधूनमधून एखाद्या रिकाम्या यंत्रावर बॅकअप उतरवतात, आणि त्यातून एखादा उतारा निघतो का ते पाहतात.