सही झाली, पण सत्ता दिली का? वाइतांगी कराराचा धडा

शाळेत आपण सालबाईचा तह शिकतो, वसईचा तह शिकतो. सनावळ्या पाठ होतात, पण तह मुळात कोणाशी केला जातो हा साधा प्रश्न सहसा विचारला जात नाही. राजा आपल्याच प्रजेशी तह करत नाही. समोरच्याकडे स्वतःची सत्ता आहे हे मान्य केले, तरच तहाचा कागद पुढे येतो. जगभरातील मूळनिवासी समाजांच्या लढ्याचा अभ्यास करताना हा मुद्दा पक्का धरायला हवा. न्यूझीलंडच्या माओरी लोकांचा वाइतांगी करार त्यासाठी नीट समजून घेण्यासारखा आहे.

कराराच्या आधीची सत्ता

28 ऑक्टोबर 1835 रोजी उत्तरेकडील 34 माओरी प्रमुखांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आमच्या भूमीवरील सत्ता आमच्याच प्रमुखांची आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. ब्रिटिश सरकारने त्याची दखल घेतली. 1839 मध्ये विल्यम हॉब्सन यांना तिकडे पाठवताना वसाहत मंत्री लॉर्ड नॉर्मनबी यांनी लेखी सूचना दिल्या. न्यूझीलंड हा स्वतंत्र देश असल्याचे ब्रिटनने मान्य केले आहे, त्यामुळे तेथील लोकांच्या संमतीशिवाय तो घेता येणार नाही, असा त्यांचा आशय होता. म्हणजे माओरींचे सार्वभौमत्व कराराने दिलेले नव्हते. ते आधीच होते, म्हणूनच ब्रिटनला करार करावा लागला.

एक करार, दोन अर्थ

मिशनरी हेन्री विल्यम्स आणि त्यांच्या मुलाने इंग्रजी मसुद्याचे माओरी भाषांतर एका रात्रीत केले. 6 फेब्रुवारी 1840 रोजी वाइतांगी येथे सह्यांना सुरुवात झाली. पुढच्या काही महिन्यांत 500 हून अधिक प्रमुखांनी सह्या केल्या. त्यांपैकी इंग्रजी प्रतीवर सही करणारे फक्त 39 होते. बाकी सर्वांनी माओरी मजकुरावर सही केली.

इथेच मेख आहे. इंग्रजी मजकुराच्या पहिल्या कलमानुसार प्रमुख आपले सार्वभौमत्व राणीला देतात. माओरी मजकुरात त्या जागी ‘कावानातांगा’ हा शब्द आहे. ‘गव्हर्नर’वरून घडवलेल्या या शब्दाचा अर्थ राज्यकारभार. दुसऱ्या कलमात इंग्रजी मजकूर जमीन, जंगल आणि मासेमारीच्या ताब्याची हमी देतो. माओरी मजकूर मात्र जमिनी, वस्त्या आणि सर्व मौल्यवान ठेव्यावर ‘तिनो रांगातिरातांगा’, म्हणजे प्रमुखांचा पूर्ण अधिकार राहील असे सांगतो. तिसरे कलम माओरींना ब्रिटिश प्रजेचे हक्क देते.

सर्वांनी सही केली असेही नाही. वायकातोचे बलाढ्य प्रमुख ते फेरोफेरो यांनी नकार दिला. तरीही सह्या गोळा होत असतानाच, 21 मे 1840 रोजी, हॉब्सन यांनी संपूर्ण देशावर ब्रिटिश सार्वभौमत्व जाहीर करून टाकले.

करार मोडण्याची युक्ती

1860 च्या दशकात युद्धे झाली. 1863 च्या कायद्याने ‘बंडखोर’ ठरवलेल्या माओरींच्या लाखो एकर जमिनी जप्त झाल्या. 1877 मध्ये सरन्यायाधीश जेम्स प्रेंडरगास्ट यांनी एका निकालात करार निव्वळ शून्यवत ठरवला. कारण काय दिले? सार्वभौमत्व दुसऱ्याला देता येईल अशी राज्यव्यवस्थाच माओरींकडे नव्हती, असे. 1839 मध्ये मान्य केलेली गोष्ट 1877 मध्ये नाकारली गेली. एका पक्षाचे सार्वभौमत्व पुसले की करार फाडावा लागत नाही, तो आपोआप निकामी होतो.

आजचा वाद

1975 मध्ये ज्येष्ठ नेत्या व्हिना कूपर यांच्या नेतृत्वाखाली उत्तर टोकापासून वेलिंग्टनच्या संसदेपर्यंत भूमी मोर्चा निघाला. त्याच वर्षी वाइतांगी न्यायाधिकरण स्थापन झाले. 1985 पासून त्याला 1840 पर्यंत मागे जाऊन तक्रारी तपासण्याचा अधिकार मिळाला. त्याच्या बहुतेक शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, तरी त्यांच्या बळावर माफी, जमीन आणि भरपाई मिळाली. 1995 मध्ये वायकातो-ताइनुई समाजाशी 17 कोटी न्यूझीलंड डॉलर मूल्याची तडजोड झाली. 2014 मध्ये न्यायाधिकरणाने निष्कर्ष काढला की फेब्रुवारी 1840 मध्ये सही करणाऱ्या उत्तरेकडील प्रमुखांनी सार्वभौमत्व सोडलेले नव्हते. सरकारला तो मान्य नाही.

नोव्हेंबर 2024 मध्ये कराराच्या तत्त्वांचा अर्थ संसदेने ठरवावा असे विधेयक आले. कायद्यापुढे सगळे समान, मग कराराच्या नावाने माओरींचे वेगळे स्थान कशाला, असा त्यामागचा युक्तिवाद होता. आपल्या वाचकांना तो ओळखीचा वाटेल. पण समान हक्क तिसऱ्या कलमातच आहेत. दुसऱ्या कलमातले वचन वेगळे आहे आणि समानतेचे नाव घेऊन दिलेले वचन रद्द होत नाही. हजारो लोक मोर्चाने वेलिंग्टनला पोहोचले आणि 10 एप्रिल 2025 रोजी विधेयक 112 विरुद्ध 11 मतांनी फेटाळले गेले.

अभ्यास कसा करावा?

कोणताही करार वाचताना चार प्रश्न सोबत ठेवा. करारापूर्वी सत्ता कोणाची होती? सही करणाऱ्याने कोणत्या भाषेतला मजकूर ऐकला? नकार कोणी दिला आणि त्याचे काय झाले? आज कराराचा अर्थ कोण लावतो? शेजारच्या ऑस्ट्रेलियात ब्रिटिश सरकारने मूळनिवासींशी करारच केला नाही. ती भूमी जणू कोणाचीच नव्हती असे धरले गेले आणि ही कल्पना तिथल्या उच्च न्यायालयाने 1992 च्या माबो निकालात फेटाळली.

संयुक्त राष्ट्रांच्या 2007 च्या मूळनिवासी हक्क जाहीरनाम्यातील कलम 37 असे करार मान्य करण्याचा आणि पाळण्याचा आग्रह धरते. त्या वेळी न्यूझीलंडने विरोधात मत दिले होते. 2010 मध्ये त्याने जाहीरनाम्याला पाठिंबा दिला. हा बदल माओरींच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या चिकाटीने घडला. मूळ मजकूर त्यांनी आपल्या भाषेत वाचत ठेवला आणि ‘आमच्या पूर्वजांनी नेमके काय दिले?’ हा प्रश्न कधी सोडला नाही.